सर फ्रेडरिक बँटिंग

मधुमेह हा रोग जगास नवा नाही. रुग्णाच्या मूत्रास येणाऱ्या गोडपणावरून आपल्या प्राचीन वैद्यांनी त्यास हे नाव दिले, आणि पुढे पाश्चात्त्य वैद्यांनीही तेच लक्षण धरून तो ओळखला. नाव ठाऊक होते, लक्षणे ठाऊक होती. उपाय तेवढा ठाऊक नव्हता. विसाव्या शतकाची पहिली वीस वर्षे उलटली तरी ज्या लहान मुलास हा रोग जडे, त्याच्या आईबापांस वैद्य एकच मार्ग दाखवीत, आणि तो म्हणजे मुलास उपाशी ठेवणे. अमेरिकेतील डॉक्टर ॲलन यांच्या पद्धतीप्रमाणे अगदी थोडे अन्न मोजूनमापून दिले, म्हणजे रक्तात साखर कमी साठे व मरण काही महिने, क्वचित एकदोन वर्षे, लांबणीवर पडे. मूल रोगाने जावे की भुकेने, एवढीच निवड उरलेली असे. ही निवड ज्यांच्या खटपटीने टळली, त्यांत अग्रभागी असलेल्या एका शेतकऱ्याच्या मुलाची हकीकत येथे थोडक्यात द्यावयाची आहे.

फ्रेडरिक ग्रँट बँटिंग यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजी कॅनडा देशातील आँटॅरिओ प्रांतात, ॲलिस्टन गावाजवळच्या एका शेतावर झाला. पाच भावंडांत ते सर्वांत धाकटे. घर मेथॉडिस्ट पंथाचे, कष्टाळू व देवभीरू होते, आणि मुलाने धर्मोपदेशक व्हावे अशी वडील मंडळींची इच्छा होती. शाळेत ह्या मुलाची बुद्धी विशेष चमकली असे नाही. १९१० साली टोरँटो येथील व्हिक्टोरिया कॉलेजात त्यांचे नाव घातले गेले, परंतु पहिल्याच वर्षी ते नापास झाले. १९१२ साली त्यांनी वैद्यकाची वाट धरली, आणि तेथे त्यांचे मन रमले. इतक्यात पहिले महायुद्ध सुरू झाले. सैन्यास डॉक्टरांची निकड असल्यामुळे त्यांच्या वर्गाचा अभ्यासक्रम आखडता घेण्यात आला, आणि १९१६ च्या डिसेंबरात पदवी मिळताच बँटिंग लष्करी वैद्यकीय दलात रुजू झाले. १९१८ च्या सप्टेंबरात फ्रान्समध्ये कांब्रेच्या लढाईत तोफगोळ्याचा तुकडा त्यांच्या हातात घुसला. तरीही जखमी सैनिकांची शुश्रूषा त्यांनी सोडली नाही. ह्या शौर्याबद्दल त्यांस मिलिटरी क्रॉस हे पदक मिळाले.

युद्धावरून परतल्यावर मात्र नशिबाने साथ दिली नाही. टोरँटोच्या मुलांच्या रुग्णालयात त्यांनी शस्त्रक्रियेचा अनुभव घेतला, पण कायमची जागा मिळाली नाही. म्हणून १९२० च्या जुलैत त्यांनी आँटॅरिओतीलच लंडन ह्या गावी आपला दवाखाना थाटला. रुग्ण येईनात. पहिल्या महिन्याची सारी कमाई चार डॉलर भरली. पोटासाठी त्यांनी तेथील वैद्यकीय विद्यालयात ताशी दोन डॉलरांवर शिकविण्याचे काम पत्करले. ह्या किरकोळ कामातूनच पुढचा सारा इतिहास घडला.

येथे थोडे शास्त्र सांगितले पाहिजे. पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची एक ग्रंथी असते. ती अन्न पचविणारा रस तयार करून नलिकेवाटे आतड्यात सोडते. १८६९ साली लँगरहॅन्स ह्या जर्मन विद्यार्थ्यास त्या ग्रंथीत निराळ्या पेशींची लहान लहान बेटे दिसली. १८८९ साली मिंकोव्हस्की व फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले, तेव्हा कुत्र्यास मधुमेह झाला. त्यावरून तर्क निघाला की, साखर ताब्यात ठेवणारा एखादा पदार्थ ह्या बेटांतून रक्तात उतरत असला पाहिजे. तो पदार्थ वेगळा काढण्याचा यत्न अनेकांनी केला. जर्मनीत त्सुल्झर यांनी तर रुग्णांवरही प्रयोग केले, आणि रुमानियात पाउलेस्कू यांनी १९२१ साली आपल्या अर्काचे प्रयोग प्रसिद्ध केले. परंतु रुग्णास रोज निर्धास्तपणे देता येईल असे औषध कोणाच्याही हाती लागले नव्हते.

१९२० च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस बँटिंग ह्या विषयावरच्या व्याख्यानाची तयारी करीत होते. निजण्यापूर्वी त्यांनी स्वादुपिंडावरील एक लेख वाचला. नलिका बंद झाली असता पाचक रस तयार करणारा भाग झिजतो, परंतु बेटे शाबूत राहतात, असे त्यात दिले होते. त्या रात्री त्यांस झोप लागेना. पहाटे दोनच्या सुमारास उठून त्यांनी आपल्या वहीत काही ओळी टिपल्या. कुत्र्याची नलिका बांधावी, काही आठवडे थांबावे, पाचक भाग झिजून गेला म्हणजे उरलेल्या बेटांचा अर्क काढावा, असा तो बेत होता. पाचक रसच त्या मौल्यवान पदार्थाचा नाश करीत असावा, अशी त्यांची कल्पना होती.

हा बेत घेऊन ते टोरँटो विद्यापीठातील प्राध्यापक मॅक्लाउड यांजकडे गेले. मॅक्लाउड हे ह्या विषयातील नाणावलेले पंडित होते. संशोधनाचा काडीचाही अनुभव नसलेल्या ह्या तरुण शस्त्रवैद्याविषयी त्यांस शंका वाटली ह्यात नवल नाही. तथापि त्यांनी दार बंद केले नाही. प्रयोगशाळा, काही कुत्रे व एक विद्यार्थी मदतनीस देण्याचे त्यांनी कबूल केले. मदतनीस कोणी व्हावयाचे हे दोघा विद्यार्थ्यांनी नाणे उडवून ठरविले, आणि ती पाळी चार्ल्स बेस्ट यांजवर आली. बेस्ट त्या वेळी २२ वर्षांचे होते.

१७ मे १९२१ रोजी कामास आरंभ झाला. उन्हाळा कडक होता, खोली कोंदट होती, आणि आरंभीचे बरेच कुत्रे शस्त्रक्रियेनंतर दगावले. बेस्ट रक्तातील साखर मोजीत, बँटिंग शस्त्रक्रिया करीत. ३० जुलै रोजी त्यांनी मधुमेही कुत्र्यास पहिल्यांदा अर्क टोचला, आणि साखर उतरलेली त्यांस दिसली. पुढे मार्जरी नावाची कुत्री, स्वादुपिंड काढून टाकलेले असताही, केवळ अर्काच्या जोरावर सुमारे ७० दिवस जगली. ह्याच काळात एक मौजेची गोष्ट उघडकीस आली. नलिका बांधण्याची यातायात अनावश्यकच होती. ताज्या ग्रंथीतील पाचक द्रव्य निष्क्रिय असते. तेव्हा खाटीकखान्यातून आणलेल्या गाईबैलांच्या स्वादुपिंडातूनही मद्यार्काच्या साहाय्याने तो पदार्थ काढता येतो, असे त्यांस आढळले. ज्या कल्पनेने बँटिंग यांस झोपेतून उठविले ती पूर्णपणे खरी नव्हती. पण ती कसोटीस लावण्याची चिकाटी त्यांच्या अंगी होती, आणि त्या चिकाटीने खरी वाट सापडली.

डिसेंबरात बर्ट्रम कॉलिप हे कुशल रसायनज्ञ ह्या कामात सामील झाले. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरँटोच्या सार्वजनिक रुग्णालयात लेनर्ड टॉम्पसन ह्या १४ वर्षांच्या मुलास बँटिंग व बेस्ट यांनी तयार केलेला अर्क टोचण्यात आला. मुलाचे वजन अवघे ६५ पौंड, म्हणजे ३० किलोच्याही आत होते. परिणाम निराशाजनक झाला. साखर ४४० वरून ३२० मिलिग्रॅमपर्यंत काय ती उतरली, आणि टोचलेल्या जागी गळू धरले. अर्क अशुद्ध होता. प्रयोग थांबला. कॉलिप यांनी रात्रंदिवस खपून मद्यार्काचे प्रमाण असे नेमके साधले की, घाण गळून पडावी व औषध तेवढे उरावे. २३ जानेवारीस हा शुद्ध अर्क त्याच मुलास दिला. साखर ५२० वरून १२० मिलिग्रॅमवर आली, मूत्रातील विषारी द्रव्ये नाहीशी झाली, आणि निपचित पडलेल्या मुलाच्या अंगी हुशारी आली. लेनर्ड त्यानंतर १३ वर्षे जगला. औषध एकच, रुग्ण एकच. बारा दिवसांच्या अंतराने जो फरक पडला तो शुद्धीचा होता.

मात्रेचा धडाही ह्याच प्रयोगशाळेत मिळाला. कॉलिप सशांवर अर्काची परीक्षा घेत. अर्क जास्त झाला की सशाच्या रक्तातील साखर इतकी खाली जाई की, त्यास झटके येऊन तो मरणोन्मुख होई. लगेच साखरेचे पाणी टोचले की तो पुन्हा उठून बसे. तारणारे औषध मात्रा चुकली तर मारूही शकते, हे त्यावरून कळले. औषध मोजण्याचे युनिट हे मापही आरंभी सशांवरील ह्याच परिणामावरून ठरविले गेले. बेट ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून औषधाचे नाव इन्शुलिन असे ठेवण्यात आले.

इतके मोठे यश, पण ते मिळविणाऱ्यांच्या मनात शांती नव्हती, हे चरित्रकाराने लपवून ठेवू नये. बँटिंग यांचा स्वभाव तापट व संशयी होता. भरसभेत त्यांस नीट बोलता येत नसे. अशा एका सभेत मॅक्लाउड यांनी पुढे होऊन प्रश्नांची उत्तरे दिली, तेव्हा आपले श्रेय हिरावले जात आहे असे त्यांच्या मनाने घेतले. कॉलिप यांजशी तर प्रकरण हातघाईपर्यंत गेल्याचे सांगतात. तथापि ह्याच माणसांनी पुढे जे केले ते जगाने स्मरणात ठेवावे असे आहे. इन्शुलिनच्या पेटंटावर त्यांस अगणित पैसा मिळविता आला असता. रोग्याच्या औषधावर डॉक्टराने मक्तेदारी मिळवावी हे बँटिंग यांस आपल्या धंद्याच्या शपथेस सोडून वाटे. १९२३ च्या जानेवारीत बँटिंग, बेस्ट व कॉलिप ह्या तिघांनी प्रत्येकी एक डॉलर घेऊन आपला हक्क टोरँटो विद्यापीठास दिला. दुसऱ्या कोणी मक्ता करू नये व औषधाची शुद्धता राखली जावी, हा त्यातील हेतू होता.

दरम्यान मागणी वाढली, आणि पुरवठा मात्र अडला. १९२२ च्या वसंतात कॉलिप यांसही आपली कृती पुन्हा साधेना, आणि काही काळ रुग्ण औषधावाचून तळमळले. इंडियानापोलिस येथील एलाय लिली ह्या कंपनीच्या साहाय्याने मोठ्या प्रमाणावर शुद्ध औषध काढण्याची रीत बसली. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग, ज्यांच्या पत्नीस स्वतःस मधुमेह होता, ते टोरँटोस येऊन परवानगी घेऊन गेले व आपल्या देशात कारखाना उभारते झाले. १९२२ च्या ऑगस्टात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री ह्यूज यांची कन्या एलिझाबेथ बँटिंग यांजकडे आली, तेव्हा तिचे वजन ४५ पौंड होते. ती पुढे संसारी झाली आणि १९८१ सालापर्यंत जगली.

१९२३ साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक बँटिंग व मॅक्लाउड यांस विभागून मिळाले. बँटिंग त्या वेळी ३२ वर्षांचे होते, आणि वैद्यकात इतक्या लहान वयात हा मान अद्याप दुसऱ्या कोणास मिळालेला नाही. बेस्ट यांचे नाव वगळल्याचे पाहून ते संतापले, आणि आपल्या वाट्याची अर्धी रक्कम त्यांनी बेस्ट यांस दिली. मॅक्लाउड यांनीही आपली अर्धी रक्कम कॉलिप यांस दिली. मॅक्लाउड यांच्या शास्त्रीय मार्गदर्शनाचे मोल बँटिंग यांनी कधी मोकळेपणाने मानले नाही, हा त्यांचा दोष होय. निःपक्षपातीपणे पाहता चौघांपैकी एकासही वगळून हे औषध त्या दिवसांत रुग्णाच्या हाती पडते ना.

पुढे कॅनडाच्या पार्लमेंटाने त्यांस वर्षास ७,५०० डॉलरांचे तहहयात वेतन दिले, आणि १९३४ साली त्यांस सर ही पदवी मिळाली. धुळीने फुप्फुसास होणारा सिलिकोसिस हा रोग व इतर विषय यांवर त्यांनी संशोधन चालविले. विसाव्याचा वेळ ते चित्रे काढण्यात घालवीत, ए. वाय. जॅक्सन ह्या नामांकित चित्रकाराबरोबर १९२७ साली त्यांनी उत्तरध्रुवाकडील प्रदेशाचा प्रवासही केला. दुसरे महायुद्ध सुरू होताच ते पुन्हा लष्करी कामास लागले आणि वैमानिकांच्या आरोग्याच्या संशोधनात पडले. १९४१ च्या फेब्रुवारीत ते विमानाने इंग्लंडास निघाले असता न्यूफाउंडलंडात विमान कोसळले. वैमानिक वाचला, बँटिंग २१ फेब्रुवारीस मरण पावले. त्यांचे वय अवघे ४९ वर्षांचे होते.

माणूस गेला, पण औषध वाढत राहिले. इन्शुलिन हे प्रथिन असल्यामुळे पोटात घेतले तर अन्नाबरोबर पचून जाते. म्हणून ते टोचावेच लागते. आरंभीच्या इन्शुलिनचा परिणाम काही तासच टिके. १९३६ साली डेन्मार्कच्या हागेडॉर्न यांनी प्रोटामिन मिसळून तो लांबविला. १९५५ पर्यंत सँगर यांनी इन्शुलिनच्या घटकांचा क्रम उलगडला, १९६९ साली डोरोथी हॉजकिन यांनी त्याची आकृती शोधली, १९७८ साली जंतूंकडून मानवी इन्शुलिन तयार करवून घेण्यात यश आले, आणि १९८२ पासून ते बाजारात आले. त्यानंतर काही मिनिटांत काम सुरू करणारी व दिवसभर सावकाश चालणारी अशी निरनिराळी इन्शुलिने निघाली.

१९३६ सालीच इंग्लंडातील हिम्सवर्थ यांनी दाखविले की, मधुमेह एकाच जातीचा नसतो. लेनर्डसारख्या मुलांच्या शरीरात इन्शुलिन तयारच होत नाही. बहुधा मोठ्या वयात जडणाऱ्या दुसऱ्या प्रकारात ते तयार होते, परंतु शरीर त्यास दाद देत नाही, आणि वर्षे लोटता लोटता ग्रंथी थकते. आपल्या घरोघरी आढळतो तो बहुतेक हाच प्रकार. त्यात पथ्य, चालणे व गोळ्या पुरेनाशा झाल्या की, पुष्कळांस इन्शुलिन घ्यावे लागते. ह्यात रुग्णाचा पराभव नाही, आणि इन्शुलिनची सवय लागते ही समजूतही खरी नाही. शरीरात जे उणे पडले ते बाहेरून भरून दिले, एवढाच त्याचा अर्थ.

अलीकडे ह्या दुसऱ्या प्रकारासाठी टोचण्याची आणखी औषधे निघाली आहेत. अन्न आतड्यात गेले की, आतडे एक संदेशद्रव्य रक्तात सोडते. ते स्वादुपिंडास इन्शुलिन सोडावयास सांगते, जठराचे रिकामे होणे मंदावते व भूक आवरते. शरीरातील हे द्रव्य क्षणभंगुर असते. अमेरिकेतील गिला नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत त्याच्यासारखे, पण टिकाऊ द्रव्य डॉक्टर जॉन एंग यांस सापडले, आणि त्यावरून बनविलेले एक्सेनाटाइड हे औषध २००५ साली अमेरिकेत मंजूर झाले. पुढे लिराग्लुटाइड, सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड ही औषधे आली. त्यांपैकी शेवटची दोन आठवड्यातून एकदाच टोचावयाची असतात. साखर वाढलेली असेल तेव्हाच ती विशेष काम करतात, हा त्यांचा मोठा गुण. तथापि ती इन्शुलिनची जागा सर्वत्र घेत नाहीत. पहिल्या प्रकारात तर मुळीच नाही. त्यांनी मळमळ व वांती होते, म्हणून अल्प मात्रेपासून हळूहळू चढावे लागते. पोटात असह्य कळ उठून ती थांबेना, तर औषध बंद करून तत्काळ डॉक्टर गाठावा. गर्भवतीने, तसेच ज्यांच्या कुटुंबात थायरॉइडचा मेड्युलरी नावाचा कर्करोग झाला आहे त्यांनी ती घेऊ नयेत. केवळ अंग बारीक व्हावे म्हणून डॉक्टराच्या सल्ल्यावाचून ती घेणे धोक्याचे आहे.

विद्यार्थिमित्रांनो, आजीआजोबांच्या औषधावरील बारीक अक्षर वाचण्याचे काम पुष्कळदा तुम्हांवरच येते. म्हणून काही गोष्टी ध्यानात धरा. आपल्या देशात इन्शुलिनच्या साध्या बाटल्यांत बहुधा दर मिलिलिटरास ४० युनिटे असतात. पेनातील औषधात सामान्यतः १०० असतात. ४० च्या बाटलीस लाल टोपणाची सिरिंज व १०० च्या बाटलीस नारिंगी टोपणाची सिरिंज लागते. लाल टोपणाच्या सिरिंजेत १०० चे औषध १० च्या खुणेपर्यंत भरले, तर १० ऐवजी २५ युनिटे शरीरात जातील. बाटलीवरचा आकडा व सिरिंजेवरचा आकडा दर वेळी ताडून पाहा. गढूळ दिसणारे इन्शुलिन तळहातांत हलकेच फिरवून एकजीव करावे. जे स्वच्छ असावयाचे ते गढूळ झाले असेल तर टाकून द्यावे. पोट, मांड्या अशा जागा आलटूनपालटून टोचावे. एकाच जागी रोज टोचले तर तेथे गाठ धरते व औषध नीट भिनत नाही. न उघडलेली बाटली शीतकपाटात ठेवावी, पण गोठू देऊ नये. वापरात असलेली साधारण चार आठवडे सावलीत, गार जागी चालते. शीतकपाट नसेल तर ओल्या माठाचा गारवाही उपयोगी पडतो. सुई किंवा पेन दुसऱ्या कोणाशी वाटून घेऊ नये, सुई बदलली तरीही नाही.

सर्वांत मोठे भय सशांनी दाखविले तेच. इन्शुलिन घेऊन जेवण चुकले, किंवा फार श्रम झाले, तर साखर एकाएकी उतरते. घाम सुटतो, हात कापतात, भूक लागते, बोलणे असंबद्ध होते. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली असता तीन चमचे साखर पाण्यात कालवून लगेच पाजावी, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, त्यास रुग्णालयात न्यावे. आणि ताप आला, जेवण कमी झाले, म्हणून आपल्या मनाने इन्शुलिन सर्वस्वी बंद करू नये. डॉक्टरास विचारून मात्रा ठरवावी.

१४ नोव्हेंबर हा बँटिंग यांचा जन्मदिवस आज जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळला जातो. त्यांच्या चरित्रापासून घ्यावयाचा बोध हाच की, एका रात्री सुचलेल्या कल्पनेने औषध होत नाही. मार्गदर्शकाचा संशय, सहकाऱ्याचे मोजमाप, रसायनज्ञाची शुद्धी, आणि हक्क सोडणाऱ्याचे औदार्य हे सर्व जेव्हा एकत्र आले, तेव्हा लेनर्ड उठून बसला. ती साखळी त्यांच्याबरोबर संपलेली नाही. तिचा शेवटचा दुवा आजही कोणाच्या तरी घरी, सिरिंजेवरील आकडा उजेडात धरून वाचणाऱ्या हातात असतो. आणि तो हात दक्ष असला, तरच टोरँटोस घडलेले सारे कार्य त्या घरापुरते सफळ होते.